चार बोटं सोडून

गाडी आली तेव्हा मे महिना,
पारडी नाक्यावर डांबराला चपला चिकटत होत्या.
पंचवीस वर्षांची पांढरी एस्टीम,
आत इंजिन मात्र भलत्याच गाडीचं, टर्बोवालं,
दुपटीनं जोर.
कौस्तुभ बोकारे, राहणार बजाजनगर, म्हणाला,
"काका, दुसऱ्या गिअरला दाबली की
कुठंतरी कण्हते."

मी काही बोललो नाही.
उजव्या मागच्या कोपऱ्याला जॅक लावला,
वीतभर उचलली
आणि म्हटलं, आता दार लाव.
दार लागेना.
कडी एकीकडे, खाच एकीकडे,
मधी अर्ध्या बोटाचं भांडण.
"पाह्य," मी म्हटलं, "इंजिन जवान आणलं तू,
हाडं तेच ठेवले."

सीट काढल्या, गालिचा काढला,
बॅटरी सोडली, पेट्रोलची टाकी उतरवून
पार कडुनिंबाखाली नेऊन ठेवली.
मग खरवडणं. दोन दिवस नुसतं खरवडणं.
डांबरासारखा तो मसाला, त्याखाली रंग,
रंगाखाली कंपनीचे ठिपके,
हातभर जोडात मोजून पाच.
पाच ठिपक्यांवर एवढी वर्षं
चार माणसं, त्यांच्या बॅगा,
आणि रामटेकच्या घाटातली वळणं.

काम रात्री दहानंतर.
दिवसा पत्र्याखाली लोखंडाला हात लावला
तर वेल्डिंगच्या आधीच फोड येतो.
जुनेदला म्हटलं, दोन बोटं जोड, चार बोटं सोड,
मग तिथं थांबू नको, उडी मार,
डाव्या बाजूला जा, निवू दे.
मी चहाला गेलो.
आलो तर त्यानं सलग ओढलेली,
मुंग्यांची रांग जशी, देखणी,
स्वतःच पाहत उभा.
आणि पत्रा पापडासारखा वळलेला.

मी ग्राइंडर लावला.
तो ठिणग्यांकडे पाहत नव्हता, माझ्याकडे पाहत होता.

तांडापेठेत आमचा खड्डामाग होता.
सूत जास्त ओढलं की बाबा हातावर फणी मारायचे :
"काठ आवळते बे, लुगडं नेसणारी बाई चालंल कशी?"
माग भंगारात गेला त्या वर्षी मी होल्डर धरला.
जुनेदला मी मारलं नाही.
पट्टी कशी कापायची ते दाखवलं,
टोकाला माशाच्या तोंडासारखी,
कारण सरळ कापली तर
तिच्या कडेलाच उद्याची भेग बसलेली असते.

कौस्तुभ रोज संध्याकाळी यायचा,
तर्री-पोहे आणायचा, घाई करायचा.
"सगळंच जाम करून टाका ना, काका."
"सगळंच जाम केलं तर जोर जाईल कुठं, बाबू?
थोडं हललं पाह्यजे. कुठं हलावं
ते आपण ठरवाचं, इतकंच."
त्याला पटलं नाही. कानात इंजिनच होतं त्याच्या.

अकराव्या दिवशी खालून काळा रंग मारला.
मोबाइलच्या उजेडात तो गाडीखाली शिरला,
बराच वेळ पाठीवर पडून राहिला,
बाहेर आला तर गालाला काजळी.
"दिसत तर काहीच नाही.
अठरा हजाराचं काय केलं?"

मी जॅक घेतला.
तोच कोपरा, तेवढीच वीत.
जुनेद मागं उभा, हात पुसत,
पुसून झाले तरी पुसत.
"लाव दार."

टक्.

त्यानं उघडलं, पुन्हा लावलं.
टक्.
मग ड्रायव्हरकडचं, मग मागचं,
मग पुन्हा पहिलं.
नाक्यावर ट्रक वाजत होते भंडाऱ्याकडचे,
आम्ही तिघं एका दाराचा आवाज ऐकत होतो.

पैसे दोन हजारांनी कमीच दिले त्यानं.
पण बसल्यावर दार आपटलं नाही,
नुसतं टेकवलं.