गेटपास क्रमांक १०४०३९९

सोहार बंदर, रात्रपाळी. वजनकाट्यावर ट्रक नाही.
लबनच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून
मी माझाच नंबर भागत बसतो.
तीनने भाग जात नाही. सातने तीन उरतात.
सतराने जाता जाता एकासाठी अडतो.

एकविसाव्या रात्री गेला:
एक हजार एकोणीस गुणिले एक हजार एकवीस.
दोन्ही मूळसंख्या. जुळ्या.
मधे तेवढी हजार वीस,
जिला दोनाने, तिनाने, पाचाने, कुणीही भागावं.

खोलीवर आलो तर मोफिझुल बूट बांधतोय.
आमची खाट एक, पाळ्या दोन.
चादर अजून गरम.
सांगणारच होतो, पण खाली बसचा हॉर्न.

पास विसरला उशीखाली.
धावत नेऊन दिला.
जिन्यात नंबर बघितला:
सम.