टपालखोली

सकाळी सव्वासातला मी हातमोजे चढवते,
निळे, मध्यम मापाचे,
आणि टीज नदीच्या उत्तरेकडच्या या तुरुंगाचं टपाल
माझ्या टेबलावर येऊन पडतं.

सव्वीस वर्षं झाली नोकरीला.
आधी कागदावरची अक्षरं वाचायचे,
आता कागद वाचते.
ताठ आहे का.
कडेला चहासारखा ओघळ आहे का.
भिजून वाळलेल्या कपड्यासारखा
घडीवर कुरकुरतो का.

स्पाइस म्हणतात त्याला.
मसाला म्हणावा तर साधी शिंकसुद्धा येत नाही.
कुठूनतरी पांढरी पूड येते, तीही टपालानेच,
कुणाच्या तरी न्हाणीघरात विरघळते,
कागद पितात ती, दोरीवर वाळतात,
मग त्यांवर कुणी लिहितं: प्रिय बाबा.

गांजाची सावत्र बहीण, म्हणाला होता आमचा डॉक्टर.
दोघी डोक्यातलं एकच दार ठोठावतात,
ही मात्र दारासकट आत येते.

कायदा तिचं नाव लिहून घेतो.
शाई वाळते न वाळते तोच
रेणूच्या शेपटीतला एखादा अणू कुणी बदलतं
आणि ती बिननावाची होऊन
पुन्हा माझ्यापुढे.
यंत्राला कालचीच नावं पाठ.

म्हणून नियम आला:
मूळ पत्र कुणालाच द्यायचं नाही. फक्त झेरॉक्स.
घटस्फोटाच्या नोटिसा, लाडीगोडी,
म्हातारा कुत्रा गेल्याची बातमी,
सगळं राखाडी, कोमट,
माझ्या यंत्राच्या वासाचं.

डॅरिल हेसलडनची मुलगी सहा वर्षांची. ओर्ला.
दर आठवड्याला एक चित्र.
त्याने खिडकीशी येऊन विचारलं,
मिस, हा कुत्रा कुठल्या रंगाचा आहे?
जांभळा, मी म्हणाले.
तो इतका हसला की
मागच्या रांगेतलेही हसले, कारण न कळता.

तेव्हापासून मी प्रतीवर पेन्सिलीने बारीक लिहायचे:
छप्पर हिरवं.
सूर्य गुलाबी, का ते माहीत नाही.
तुझे केस नारिंगी, रेघेबाहेर गेलेले.
हे नियमात नव्हतं. कुणी विचारलंही नाही.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी
तिसऱ्या मजल्यावर तो उभा दिसला,
कमरेत वाकलेला, हात लोंबते,
पडलेलं नाणं शोधावं तसा.
पोरं त्याला वळसा घालून जेवायला गेली.
एकाने त्याच्या पाठीवर सफरचंद ठेवून पाहिलं.
ते पडलं नाही.
मग तोच पडला.

रुग्णवाहिकेला इथे वेगळं नाव आहे, थट्टेतलं.
त्या दिवशी कुणी ते घेतलं नाही.

वकिलाच्या पाकिटातून आलं होतं.
वकिलाचं पाकीट उघडायला मला कायद्याने मनाई.
जाड कागद, सुबक शिक्का,
पत्त्यात पिनकोडसुद्धा बरोबर.
वकील तेवढा कुठेच नव्हता.
मी ते याच हातांनी
त्याच्या गठ्ठ्यात ठेवलं होतं,
चित्राच्या वर.

गुरुवारी ओर्लाचं पाकीट आलं.
सोमवारी टाकलेलं असणार.
ज्याचा कैदी उरला नाही त्या पत्राचं काय करायचं,
रजिस्टरमध्ये रकाना नाही.
यंत्रात घातलं: काही नाही.
दुसऱ्यांदा घातलं, का कोण जाणे. काही नाही.

मी एक हातमोजा काढला.
खडूचं मेण बोटाला लागलं, दाट, पिवळं,
एवढं पिवळं की कागद फाटायला आलेला.
घर होतं की होडी, कळेना.
विचारायला कुणी नव्हतं,
तरी पेन्सिल उचलली होती मी.

खाली ठेवली.
मोजा चढवला.
पुढचं पाकीट घेतलं.
ते ताठ होतं.