अर्धा मुहूर्त

तिकडची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेनऊ,
ऋजुताने मला तिसऱ्यांदा समजावलं,
जेलरोडच्या आमच्या गॅलरीत, आकाशकंदिलाखाली.
पाडव्याला साडेनऊच्या आत पाठवायचा अर्ज,
नाहीतर जानेवारीत, सगळ्यांबरोबर, रांगेत.

लवकर भरायचा म्हणजे शब्द द्यायचा.
एकाच कॉलेजला सांगायचं, घेतलंत तर येणारच,
बाकीच्यांना नाही कळवणार.
खाली बापाची सही.
निवडीची शक्यता म्हणे दुपटीने वाढते.
फी किती माफ होईल, ते मात्र
आपण हो म्हटल्यावर कळणार.

मी म्हटलं, हे तर याद्या व्हायच्या आधीच अक्षता.
ती म्हणाली, बाबा, प्लीज.

सत्तावीस वर्षं मी नोटांच्या कारखान्यात आहे.
ताव डोळ्यांपुढून सरकतात.
रेघ हललेली, आकडा पुसट, शाई फुटलेली,
मला चुकलेलं आधी दिसतं, मग बाकीचं.
सुटताना गेटवर खिसे दाखवायचे
आणि रिक्षाला सुटे नाहीत म्हणून
बिटकोपर्यंत चालत यायचं.
लोकांना याची गंमत वाटते. मला वाटायची, पूर्वी.
त्याच नजरेने मी या अर्जासमोर तासभर बसलो.
चूक सापडेना.
सापडली असती तर बरं झालं असतं.

सटाण्याहून तिच्या मामाचा फोन आला.
त्याच्या तोंडी अर्ली म्हणजे द्राक्षं :
जुलै सरता सरता छाटणी, डिसेंबरात माल,
भाव असा की निफाडवाले बघत राहतात.
आणि पाऊस?
"पाऊस लागला तर घड जिरतो, दाजी.
पण थांबलं तर सगळ्यांचाच माल एकदम येतो ना."
मागे ब्लोअरची घरघर.
मी फोन तिच्याकडे दिला.
"मामा, मी काही वेल नाहीये," ती म्हणाली,
आणि मग कितीतरी वेळ
घड जिरतो म्हणजे नेमकं काय होतं,
तेच विचारत राहिली.

अलका फराळाचे डबे लावत होती. म्हणाली,
पाडवा साडेतीन मुहूर्तांतला अर्धा.
अर्ध्यावर अख्खा शब्द द्यावा का, मला नाही कळत.
थोड्या वेळाने, पाठमोरीच :
यंदा ओवाळणी नको मला.
त्या आकड्यात धरा.
कुठल्या आकड्यात, तिलाही माहीत नव्हतं.

रात्री तीनला ओट्यापाशी उभ्याने सही केली.
माझ्या हाताखालून लाखो सह्या गेल्या,
दुसऱ्यांच्या, छापील, एकसारख्या.
माझी स्वतःची 'देवरे'तल्या 'व'पाशी अडखळली.
खाली तारीख घातली. एक पाडवा आधीच लागलेला.

नऊ वाजता ती न्हाऊन आली, उटण्याच्या वासाची.
कागद उजेडात धरला,
सहीवरून अंगठा फिरवला,
जसा मी कोऱ्या नोटेवरून फिरवतो.
"जानेवारीत भरते, बाबा.
आकडा बघू. मग घेईन तुमची सही."
आणि जरा थांबून,
"शिवाय मला खरंच तेच हवंय की नुसतं लवकर..."
पुढचं ती बोलली नाही.

नऊ एकोणीस.
अकरा मिनिटं आम्ही तिघं
दुधीच्या भावाबद्दल बोललो.
लॅपटॉप उघडाच होता.
तिचा हात दोनदा तिकडे गेला,
दोन्ही वेळा चकलीवर थांबला.

साडेनऊला खालच्या पोरांनी लवंगी लावली.
अलकाने पाट मांडला.
सही केलेला कागद मी कपाटात ठेवला,
विम्याच्या फाइलखाली :
खरा, बिनचूक, चलनात न आलेला.

तबकात पाकीट टाकलंच मी.
तिने उघडून पाहिलं नाही,
कुंकवाचं बोट तेवढं
माझ्या कपाळावर जरा जास्त वेळ टेकलं.