गाडवाट

सकाळी साडेपाचला मी धावपट्टी चालतो,
टोकापासून टोकापर्यंत, डोळे खाली.
खिळा, खडा, मेलेली घोरपड, असेल ते उचलायचं.
मग रजिस्टर: व्यंकट गुणाजी धोत्रे.
हवा कोरडी. टिटव्या सात.

आठवड्यातून तीन दिवस हैदराबादचं विमान येतं.
उरलेले चार दिवस पट्टी आमची,
माझी, फायरगाडीवाल्या चाँदपाशाची
आणि टिटव्यांची.

चौदाशे दहा मीटरवर एक भेग आहे.
दरवर्षी डांबर भरतो, दरवर्षी उघडते,
तिरपीच, त्याच जागी,
कुणीतरी घाईत ओढलेल्या रेघेसारखी.

औंदा पुण्याहून इंजिनिअरबाई आल्या.
मशीननं पट्टीतून एक गाभा काढला,
उसाच्या कांड्यासारखा,
आणि ट्रेमध्ये आडवा ठेवून थर वाचू लागल्या.
हे आत्ताचं. हे त्याच्या आधीचं.
हे बहात्तरचं, दुष्काळी कामावरचं, मुरूमच जास्त.
मग बोट थांबलं.
"ही गिट्टी क्रशरची नाही. हातानं फोडलीय."

मी गप्प.
चाँदपाशाच बोलला,
"मॅडम, ये फत्तर तो इसकेच घर का है."

हाली सिक्क्यात गड्याला चार आणे,
बाईला तीन.
लढाई कुठं तर ब्रह्मदेशात,
आणि इथं निजामाच्या मुलखात
छत्रीखाली बसलेला गोरा
मराठीतला एकच शब्द शिकलेला: लवकर.
वडरांची तीन पालं आली, त्याची तीस झाली.
आजा यल्लप्पा सुतकीनं खडक उलगडायचा,
बाया मांडी घालून गिट्टी फोडायच्या,
आणि सहा वर्षांचा माझा बाप गाढवं हाकायचा.
हे काय चाललंय, कुणालाच ठाऊक नव्हतं.
कुणी म्हणे कालवा, कुणी म्हणे रेल्वे.
एवढा रुंद, एवढा सरळ,
आणि माळावरच सुरू होऊन माळावरच संपणारा रस्ता
बापानं कधी पाहिला नव्हता.
गाढवामागून विचारत राहायचा,
ह्यो जातो कुठं?

उतरली तीन विमानं.
त्यातल्या एकात, म्हणतात, नुसते बटाटे होते.
लढाई संपली तेव्हा पूर्वेकडच्या टोकाचं डांबर
अजून पायाला चिकटत होतं.
पेट्रोलचे डबे उरले, लोकांनी ठोकून सपाट केले,
घरांना दारं लावली.
चाँदपाशाच्या मोहल्ल्यात त्यातलं एक अजून आहे,
आतून हात फिरवला की इंग्रजी अक्षरं लागतात.

पण भेग कशानं, बाईंनी विचारलं.
तिथून गाडवाट जायची, मी सांगितलं,
देवठाण्याहून सेलूच्या बाजाराला.
किती पिढ्यांच्या चाकांनी दाबलेली, कुणी मोजलं.
दोन्ही अंगांना काळी माती,
उन्हाळ्यात आक्रसते, पावसात फुगते.
वाट हलत नाही.
मग वरचं तुटतं.
बाईंनी मान हलवली आणि लिहिलं:
'अधोस्तर असमान.'
शब्द चांगला होता. मी पाठ केला.

बापाला एकदाच आणलं होतं, कुंपणापर्यंत.
आत यायला पास लागतो.
जाळीत बोटं अडकवून उभा राहिला.
विमान उतरलं, वळलं, थांबलं,
जिन्यावरून माणसं उतरली, एक पोरगी उलटी करत होती.
"जातो म्हणायचा कुठंतरी," एवढं बोलला
आणि तंबाखू मळायला लागला.

आज भेगेतून एक खडा वर आलेला.
तळहाताएवढा, एका अंगाला घावाची खोक.
पट्टीवरचं काही खिशात घालायचं नाही, असा नियम आहे.
रजिस्टरात रकाने आहेत:
वस्तू, आकार, कुठून आली.
तिसरा मी कोराच सोडला.

विमान दहा मिनिटं लवकर आहे म्हणे.
चाँदपाशा भोंगा वाजवून बघतोय.
टिटव्या ओरडत उठल्या,
मी मोजल्या, सहा.
सातवी भेगेशेजारी बसूनच आहे.
अंडी असणार.