हृदयातलं पाणी

बॅटमबाँगच्या आरोग्य केंद्रात मला काम दिलं होतं
चार शब्द समजावणारं पत्रक लिहायचं.
नैराश्य, चिंता, पॅनिक, आघात.
एक घडी, मोठा टाइप,
"भाजीवालीला उभ्या उभ्या कळलं पाहिजे,"
असं डॉक्टर वुथी म्हणाले.

मी लिहिलं:
"नैराश्य म्हणजे दोन आठवड्यांहून अधिक काळ
टिकणारी उदासी, रस न वाटणे, झोपेत बिघाड."
बाकावरच्या ओम न्हेमना वाचून दाखवलं.
त्यांनी हात जोडून ऐकलं, आणि मग विचारलं,
"सही कुठे करू?"

मी कागद पालथा घातला.
म्हटलं, तुम्हांला काय होतंय?
"हृदयातलं पाणी खाली गेलंय."
आम्ही सगळेच असं म्हणतो. मीही म्हणते,
ऑफिसातून उशीर झाला की, बस चुकली की.
किती खाली? मी पहिल्यांदाच कुणाला विचारलं.
त्यांनी हवेत रांजण उभा केला,
पन्हळीखाली असतो तसा, पोटाळ,
आणि हात आत घातला,
कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत.
"करवंटी बुडत नाही आता," ते म्हणाले,
"तळाला घासते.
बायको म्हणते, आळस आलाय."

दुसरा शब्द गिरणीतल्या चानथूने दिला.
भात संपलं, मालक घरी गेला,
पट्टा मात्र फिरतोय.
"काय दळतेस मग?"
"उद्याचं," ती म्हणाली, "आणि परवाचं,
आणि मुलाच्या फीचं, जी भरून झालीय."
बेअरिंग तापतं ना, तसं तिचं मानेमागे तापायचं.
मी तिथे हात लावून पाहिला. खरंच गरम होतं.

तिसऱ्यासाठी एक मुलगी आली,
पाठीवर नाण्याने घासल्याचे तांबडे पट्टे.
वारा वर चढला होता, तिची मावशी सांगत होती,
छातीत, मग कानात, वाटलं गेली आता.
ईसीजी सरळ होता.
डॉक्टर म्हणाले, लिही, की याने मरत नाहीत,
शरीराला खोटी हाक ऐकू येते, आणि ते धावतं,
थोड्या वेळाने दमून थांबतं.
लिहिलं.
मावशीने विचारलं, नाणं बंद करू का?
डॉक्टर पट्ट्यांकडे बघत राहिले.
"हळू घासा," म्हणाले, "आणि जवळ बसा."

मसुद्यावर त्यांनी लाल पेन चालवलं.
रांजण शास्त्रीय नाही, गिरणी शास्त्रीय नाही.
दुसऱ्या दिवशी स्वतःच पेन्सिलीने लिहिलं, राहू दे,
फक्त ते दोन आठवडे घाल,
लोक दोन वर्षं थांबतात.

चौथा शब्द मला कुणाला विचारावा लागला नाही.
बाकस्बात. मोडलेली हिंमत.
आमच्या घरी पलंगाखाली तांदळाचे सात डबे आहेत
आणि बाजार चार मिनिटांवर.
अंधार पडल्यावर रस्त्यातून कुणी आईला
नावाने हाक मारायची नाही,
हा नियम मला पाळता यायचा, सांगता यायचा नाही.
मी तीन ओळी लिहिल्या:
संकट संपतं, पण अंगाला ते कुणी कळवत नाही.
डबे भरणं, दचकणं, गप्प राहणं,
हा स्वभाव नव्हे. यावरही उपचार आहेत.

छापून आलं तेव्हा घरी नेलं.
आई शेंगा मोडत होती. तिला चष्मा नको होता.
"तूच वाच."
रांजणाला ती हसली. गिरणीला मान हलवली.
नाण्यापाशी म्हणाली, माझी आई जास्त जोरात घासायची.
चौथ्या शब्दावर उठली,
भाताच्या भांड्यावर झाकण होतं, ते काढून परत ठेवलं,
येऊन बसली. मी थांबले होते.
"पुढचं वाच."

मी तिन्ही ओळी वाचल्या.
शेंगा मोडण्याचा आवाज बंद झाला, मग सुरू झाला.
"पुढे?"
पुढे काही नव्हतं, नुसता केंद्राचा फोन नंबर.
तो वाचला.

आई म्हणाली, "परत एकदा.
एकेक आकडा."