दूरच्या संगणकावर वाजवा

बोडोच्या ऑफिसात, तिसऱ्या मजल्यावर,
गरम हवेच्या नळाखाली माझं टेबल.
इथून मी स्कार्व्हॉय बेटावरच्या संगणकात शिरते.
शिरते म्हणजे काय, पासवर्ड टाकते
आणि त्याचा पडदा माझ्या पडद्यावर ओढून घेते.
एका गोधडीत दोघं झोपल्यासारखं आहे हे,
कुणाचे तरी पाय उघडे राहतातच.

त्याचा पडदा जुना, चौकोनी. माझा लांबरुंद.
अक्षरं मुंग्यांएवढी दिसली, म्हणून दीडशे टक्के केली,
तर ‘रद्द करा’चं बटण
पडद्याबाहेर कुठेतरी निघून गेलं.

समुद्राखालची केबल सप्टेंबरात तुटली.
आता सगळं उपग्रहावरून येतं, थेंब थेंब.
तेव्हा काटकसर:
मागचं चित्र काढलं,
खिडक्यांच्या सावल्या काढल्या,
अक्षरांच्या कडा होत्या तशा खडबडीत ठेवल्या,
रंग बत्तीस बिटांवरून सोळावर आणले.
धक्क्यावरच्या कॅमेऱ्यातल्या आकाशाला
लगेच पायऱ्या पडल्या.
एक निळा, मग एकदम दुसरा निळा.
मधले सगळे निळे मी कापले होते.

दुपारचे दोन, बाहेर काळोख.
सूर्य येऊन तीन आठवडे झाले.
ही तक्रार आमच्या विभागात घेत नाहीत.

राहिला आवाज.
काम साधं: तिथे पाणी चढलं
की इशारा इथे, बोडोत, ऐकू यायला हवा.
इशाऱ्याची फाइल आधीच्या माणसाने निवडलेली,
नाव नुसतं ‘जुना-३’.
वाजवली. हेडफोनात काही नाही.
साठ. ऐंशी. शंभर.
वायर काढून घातली, फुंकर मारली,
दुसऱ्या कानाला लावून पाहिलं.
पुन्हा. पुन्हा.

तेवढ्यात फोन.
टोर्मोड हाउगन, स्टेशनचा राखणदार, वय चौऱ्याहत्तर,
एरवी फक्त उंदरांसाठी फोन करतो.
“भोंगा परत बसवलात?”
कुठला भोंगा?
“धुक्याचा. मीच सोडवले होते त्याचे बोल्ट,
चौघांनी धरून बोटीवर चढवला होता.
आत्ता वाजला. अकरा वेळा. मोजले मी.
आस्लेउग बूट चढवून धक्क्यावर गेलीय,
कुणाची बोट आहे बघायला.”

मी सेटिंग उघडलं.
या संगणकावर वाजवा.
वाजवू नका.
दूरच्या संगणकावर वाजवा.
ठिपका तिसऱ्यावर.

म्हणजे इथे मी बहिरी बसले होते
आणि माझं चाचपडणं तिकडे
शंभर टक्क्यांनी घुमत होतं.
खोली रिकामी असेल, असं धरून चालले होते मी.
बेटच रिकामं धरलं होतं, खरं सांगायचं तर.

माफ करा, म्हटलं. तो काही बोलला नाही.
कॅमेऱ्यात एक टॉर्च दिसला,
दर चार सेकंदांनी नव्या जागी,
मधली पावलं गाळून,
निळ्याच्या एका पायरीवरून पुढच्या पायरीवर.

“ती तिथे आहे तोवर,” टोर्मोड म्हणाला,
“अजून एकदा वाजव.”

नियमात बसत नव्हतं. दाबलं.
फोनमधून आला तो,
गोठ्याच्या भिंतीपलीकडून गाय हंबरावी तसा,
जाड, ओलसर, शेवटाला किंचित फाटलेला.
मग पडद्यावर, उशिराने, टॉर्च थांबला.
आठ सेकंद. बारा सेकंद. एकाच जागी.
चित्र अडकलं असेल म्हणून मी माउस हलवला.
चित्र अडकलं नव्हतं.

नंतर ठिपका पहिल्यावर आणला. पगार त्याचाच मिळतो.
फॉर्मवर लिहिलं: ध्वनी सुरू. कारण: चुकीची निवड.
कुणाची, ते विचारायला रकाना नव्हता.

आता चाचणी दर गुरुवारी इथेच वाजते,
माझ्या कानात, स्वच्छ, जराही उशीर नाही.
आणि दर गुरुवारी मी उठून खिडकीशी जाते.
खाली बस डेपो.
एक माणूस काचेवरचा बर्फ खरवडत असतो.