काळी गोळी

छावणीतल्या क्लबात मतदानाची पेटी होती, सागवानी.
मनगट जाईल एवढं तिला तोंड,
तोंडाला हिरव्या बनातीची बाही शिवलेली,
आत हात कुठे वळला ते कुणाला दिसू नये म्हणून.
पांढरी गोळी म्हणजे या, बसा.
काळी एकच पुरे.

आमचे आजोबा वासुदेव हरी मुंगी तिथे कारकून,
पगार बावीस रुपये, कलदार.
यायचं मुदपाकखान्याच्या दाराने,
साहेब लोक उठून गेले की गोळ्या मोजायच्या,
आकडा वहीत लिहायचा, तोंडाने बोलायचा नाही.
गोळ्या कधीकधी घामाने ओल्या असत, म्हणायचे.

एकदा रेल्वेतला एक गोरा गार्ड नापास झाला.
गोराच, पण गार्ड.
त्याची मड्डम मागल्या दाराशी आली,
टोपी हातात, हिंदी मोडकंतोडकं:
कुणी टाकली, बाबू?
आजोबा म्हणाले, मोजणाऱ्याला हात दिसत नाहीत, बाईसाहेब.
हे सांगताना दर वेळी ते चष्मा पुसत.

मग सेक्रेटरी बिऱ्हाड लिलावात काढून विलायतेला गेला.
आपले लोक पुढच्या दाराने आत आले,
भिंतीवरचा राजा उतरवला,
खिळा राहू दिला.
धोतर चालणार नाही, हा नियमही.

मी मेंबर झालो एक्क्याऐंशी साली.
आजोबा असते तर कुठल्या दाराने आले असते, कोण जाणे.

गेल्या महिन्यात अर्ज आला दिलीप बामनियाचा.
त्याचा आजा किसन टेनिसचे चेंडू वेचायचा, अनवाणी,
याची आता सतरा ट्रक, बायपासवर गोडाऊन.
भेटायला आला तो राखाडी सुटात.
सूट माझ्यापेक्षा चांगला शिवलेला होता.
खूप शोधलं, पण दुसरं कारण सापडत नाही.

तेवीस पांढऱ्या. एक काळी.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही, चहा आला,
बिस्किटं मऊ पडली होती, त्यावर बरंच बोलणं झालं.

परवा सराफ्यात रात्री गर्दीत तो भेटला,
हातात गराडूचा दोना.
मलाही घ्यायला लावला, पैसे देऊ दिले नाहीत.
लिंबू पिळता पिळता म्हणाला,
भिया, किसने डाली होगी?

मोजणाऱ्याला हात दिसत नाहीत,
मी म्हणालो.

मोजायला त्या दिवशी दुसरंच कुणी होतं.